कमरेचा विळा

अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आज ज्यांना आपण निरोप देतो आहोत ते आदरणीय महिपतीभाऊ, आणि कुरवंड्याहून, वडिवळ्याहून चालत आलेल्या बंधूंनो आणि भगिनींनो,

भाऊ उद्या खानदेशातल्या आश्रमाचं काम पाहायला लोणावळा सोडताहेत. या मावळाला त्यांनी अहिंसा शिकवली. लाठी पडली तरी हात उचलायचा नाही, मारणाऱ्या शिपायालाही आपलं म्हणायचं, हे आम्हां तापट माणसांच्या गळी उतरवणं सोपं होतं का हो? त्यांचे बाकीचे गुण पाहुण्यांनी सांगितलेच आहेत. मी माझ्या थोरल्या भावाबद्दल, गेणूबद्दल बोलणार आहे.

तीस साली सरकारी रानातलं गवत काढून कायदा मोडायचं ठरलं. भाऊंची सक्त ताकीद होती, विळा कुणी आणायचा नाही, गवत हातानं उपटायचं. गेणू हसला. "गवताला जायाचं आन विळा न्यायाचा न्हाई? मंग काय दातानं तोडायचं?" पण कबूल झाला. तरी सकाळी निघताना जन्माच्या सवयीनं विळा कमरेला खोचला गेलाच. शेतकऱ्याच्या ते ध्यानातसुद्धा येत नाही.

शिपायांनी तो पाहिला. गेणूनं विळ्याला हात लावला नव्हता. मी शेजारीच उभा होतो. पण सत्याग्रहाला डाग नको म्हणून भाऊ तिथंच सर्वांदेखत म्हणाले, "हा आमचा माणूस नव्हे." कोर्टात तेच वाक्य गेणूवर उलटलं: सत्याग्रही नाही, तर विळा शिपायांवर चालवायलाच आणला असणार, म्हणून त्याला मोठी सजा झाली. आम्ही बाकीचे थोड्या महिन्यांत सुटलो. गेणू तुरुंगात तापानं गेला.

मला भाऊंचा राग येत नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल, आणि खोटं बोलू नये हेही त्यांनीच शिकवलं. शिपाई आपला, मग गेणूच तेवढा परका कसा?

गेणूची बायको कस्तुराबाई, माझ्या वहिनी, मागं दाराशी बसल्या आहेत. इतक्या वर्षांत त्या सभेला आल्या नव्हत्या. काल म्हणाल्या, "सोपान, भाऊ चाललं. आमचं धनी बी तुमच्यातलंच व्हतं, ह्ये आता गावाला कोन सांगायचं?"

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मी सर्वांचा ऋणी आहे. समारंभाला न शोभणारं काही बोललो असेन तर पोटात घाला. भाऊ आता सत्काराला उत्तर देतील. वहिनींना जरा पुढं यायला वाट द्या. मागून त्यांना नीट ऐकू येत नाही.