लुमेनचं नाक

(इलोइलोजवळचं कोळ्यांचं गाव. सकाळ. अंगणात बांबूच्या ताटव्यांवर मासळी वाळते आहे. लिब्राडा मासे चिरते आहे. मनिलाहून आलेली तिची लेक रोदोरा आपली पाच महिन्यांची तान्ही मांडीवर घेऊन बसली आहे. ती आईला नानाय म्हणते, आई तिला लाडानं इंदाय.)

रोदोरा : विषय बदलू नकोस, नानाय. हे बघ. नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल वळ. काल नव्हते.

लिब्राडा : मग?

रोदोरा : मग काय! दुपारच्या बोटीनं मी जाणार, ही तुझ्याजवळ राहणार. कशी ठेवू? तुझ्या चिमटीची खोड मला ठाऊक नाही? रोज सकाळी माझं नाक ओढायचीस, वर यावं म्हणून. सात वर्षांची झाले तरी झोपताना कपड्यांचा चिमटा लावायचीस.

लिब्राडा : पान एकेचाळीस.

रोदोरा : काय?

लिब्राडा : तुझ्या पुस्तकात गं. तिसरीपर्यंत शिकलेय मी. बोट ठेवून वाचलं, तेरा दिवस लागले. बाजारात बायका म्हणायला लागल्या, ‘लिब्राडा, लेकीनं तुला कादंबरीत घातलंय.’ म्हटलं, बघू तरी कुठं बसवलंय. तर चेटकिणीच्या पाटावर!

रोदोरा : ती तू नाहीस. ती माझ्या नायिकेची, लुमेनची आई आहे.

लिब्राडा : हो का? लुमेनच्या आईचा डावा अंगठा माशाच्या काट्यानं वाकडा झालाय. हा बघ. कुणाचाय?

रोदोरा : कादंबरीत असं थोडंफार येतंच.

लिब्राडा : माझं गाणंही आलं. ‘नाका रे नाका, वर ये थोडं, चांदोबाच्या दारी बांध जा घोडं.’ तुझ्या लुमेनला ते ऐकून कापरं भरतं. तू तर हसायचीस गं, इंदाय. बोळकं उघडून खिदळायचीस.

रोदोरा : तान्ही होते तेव्हा हसत असेन. नंतर नाही. नंतर फोटोत मी हात तोंडावर धरायची. एक तरी फोटो दाखव, ज्यात माझं नाक दिसतं.

लिब्राडा : (चिरलेला मासा ताटव्यावर टाकते.)

रोदोरा : नाही ना? लुमेन पण तशीच. लग्न ठरतं, तर चेहरा लपवून पळून जाते. पण शेवटी ती पिंपातल्या पाण्यात स्वतःला बघते, म्हणते, ‘हे माझंच आहे,’ आणि चिमटा समुद्रात फेकते. शाळेतल्या पोरी मला पत्रं लिहितात, नानाय. लुमेनमुळे आम्ही आरशापुढे उभ्या राहिलो म्हणतात.

लिब्राडा : तिथं मी पण रडले. खोटं कशाला बोलू? मग पुस्तक उलटं केलं. पाठीवर तुझा फोटो.

रोदोरा : नानाय, पुरे.

लिब्राडा : कसं सरळ, धारदार नाक! त्या पोरींना कळवलंस का, लुमेनला तिचं नाक ठेवायला लावलं आणि स्वतःचं डॉक्टरकडे टाकून आले म्हणून?

रोदोरा : तेव्हा मी तेवीस वर्षांची होते! आणि ते नाक वाईट आहे हे मला कुणी शिकवलं?

लिब्राडा : मी. माझ्या आईनं मला, मी तुला. तुझा बाप म्हणायचा, ‘ओढ, ओढ. माझं होडीच्या बुडासारखं नाक पोरीला नको. असल्या नाकाच्या पोरीला दुकानात कुणी गिऱ्हाइकापुढं उभं करत नाही.’ आणि तोच शेवटच्या दुखण्यात तुझ्याकडे बघून मला विचारायचा, ‘ही परकी पोर कोण गं?’

रोदोरा : ताप होता त्यांना.

लिब्राडा : होता. शेजारच्या पोरांना ओळखत होता मात्र.

रोदोरा : मला बोल हवं तेवढं. पण हिच्या नाकाला का हात लावलास?

लिब्राडा : मी लावला नाही.

रोदोरा : मग वळ कुठून आले? मांजरानं ओढलं?

लिब्राडा : पहाटे तू पाजत होतीस. डोळे अर्धे मिटलेले. मी चुलीपाशी होते. तिचं नाक तुझ्या चिमटीत होतं, इंदाय. वरून खाली, वरून खाली.

रोदोरा : खोटं.

लिब्राडा : ओठही हलत होते. चांदोबाच्या दारापर्यंत आलीस आणि डुलकी लागली तुला.

रोदोरा : (बोटं तान्हीपासून काढून घेते.)

लिब्राडा : पुस्तकातली लेक शहाणी निघाली. माझी नाही निघाली.

रोदोरा : नानाय… मनिलात पण करत असेन का मी?

लिब्राडा : मला काय माहीत?

रोदोरा : तिचे बाबा एकदा म्हणाले होते, ‘हिच्या नाकाला काय झालंय?’ मी म्हटलं, डास.

लिब्राडा : रडू नकोस. ती बघतेय तुझ्याकडे.

रोदोरा : घे तू तिला. माझ्याजवळ नको.

लिब्राडा : थांब, हाताला मासळीचा वास आहे, धुऊन येते. तोवर तिच्या नाकाला बोट लावू नकोस. तुझ्या बापाचं ह्या घरात तेवढंच उरलंय.