पॅक सुकेपर्यंत

आशालता : परत एकदा. समज, मी बँकेतून बोलतेय. आपण काय करता, हेमांगीताई?

हेमांगी : मी ना... काही नाही, घरीच असते. म्हणजे, थोडंफार पार्लरचं बघते.

आशालता : झालं! गेलं कर्ज राजोडीच्या समुद्रात.

हेमांगी : हलू नका ना काकू. दोरा हातात आहे, भुवई वाकडी होईल.

आशालता : दोरा तुझ्या हातात आहे म्हणून सोडते. पण हे "काही नाही" तुझ्या तोंडात येतं कुठून गं? सकाळपासून किती बायका केल्यास?

हेमांगी : तुमच्या आधी तिघी. दोन वॅक्सिंग आणि ती बोळिंजची क्षितिजा, तिचे हायलाइट्स. अजून पाठ वाकलीय बघा.

आशालता : आणि हे सगळं म्हणजे काही नाही! मी तीस वर्षं औषधाच्या कंपनीत अकाउंट्सला काढली. मला कुणी विचारलं तर मी कधी "थोडंफार आकडे बघते" म्हणाले का?

हेमांगी : तुमचं ऑफिस होतं. माझी सासरच्या घराची पडवी. एका बाजूला पार्लर, दुसऱ्या बाजूला आई वाल सोलतायत.

शकू : सोलतेय नि ऐकतेय पन. मधे नुसता पडदा हाय, भिंत नाय.

आशालता : शकूताई, तुम्हीच समजवा सुनेला. आज फोन यायचाय बँकेचा.

शकू : मी काय समजवू? मागल्या येळेपासनं मी फोनाच्या नादाला लागत नाय बाई. तुमी दोघी सारख्या मलाच धरता.

हेमांगी : कुणी नाही धरलं तुम्हाला, आई.

शकू : धरलं नाय तर! माझे हात वॅक्समधे हायेत, उचला बोललीस, म्हनून उचलला. मानूस गोड बोलत होता. इचारतो, तुमची सून काय करते? मी बोलली, काय नाय, घरीच असते.

आशालता : आणि अर्जात लिहिलेलं, पार्लर चालवते. कागद एक सांगतो, घरचं माणूस दुसरंच सांगतं. बँक कशावर विश्वास ठेवणार? आठ दिवसांत नकार आला.

शकू : कोन कुठला अनोळखी मानूस, त्याला घरातली कमाई सांगू? उद्या नजर लागली म्हंजे? आमच्यात बोलतात, झाकली मूठ सव्वा लाखाची.

आशालता : बरोबर आहे. पण बँक मूठ उघडून बघते, शकूताई. झाकलेल्या मुठीवर कर्ज देत नाही.

शकू : (हसून) हां, ते पन खरं.

हेमांगी : या खेपेला नाही झालं ना काकू, तर संपलं. दिवाळीनंतर प्रितेशभाऊजींचं लग्न. ही पडवी त्यांना खोली म्हणून लागणार. कर्ज नाही म्हणून बोळिंजचा दुकानाचा गाळा मिळाला नाही, तर खुर्ची उचलून ठेवायची कुठे? माळ्यावर? मग खरंच सांगेन सगळ्यांना, काही नाही, घरीच असते.

शकू : मला काय हौस हाय व्हय तुला उठवायची? पोराचं लगीन करायचं नाय?

हेमांगी : तसं नाही म्हणत आई. भाऊजींना खोली हवीच.

आशालता : दिवसभर ही रडगाणी गाण्यापेक्षा उत्तर पाठ कर. "मी ब्युटी पार्लर चालवते. पाच वर्षं झाली. दोन वर्षांचे रिटर्न भरलेत, माझ्या स्वतःच्या नावाने." एवढंच. पुढे एक शब्द जास्त नाही.

हेमांगी : आरशासमोर येतं हो सगळं. समोरून कुणी विचारलं की जीभ पलटते. चला, भुवया झाल्या. आता डोळे मिटा, पॅक लावते. नि आता तोंड बंद हं काकू. मुलतानी माती आहे, बोललात की भेगा पडतील, मग सुरकुत्या वाढल्या म्हणून मलाच बोल लावाल.

आशालता : म्हणजे आता अर्धा तास माझं राज्य संपलं.

हेमांगी : संपलं. ओठ मिटा.

(हेमांगी आशालताच्या चेहऱ्याला पॅक लावते.)

हेमांगी : बरं झालं तुम्ही गप्प बसलात. एक बोलायचंय कधीपासून. बोलायला गेले की तुम्ही मधेच "पुरे गं" करता. आज करून दाखवा.

आशालता : हं.

हेमांगी : हं नाही, हं सुद्धा नको. काकू, तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी पैसे राईच्या डब्यात ठेवायचे. नवरीच्या मेकअपचे पण त्यात, भाजीचे पण त्यातच. संध्याकाळी डब्यात हात घालायचा, निघालं ते माझं. तुम्ही विचारलंत, महिन्याला किती उरतं? मी म्हटलं, डबा रिकामा नसतो. तुम्ही असं बघितलंत माझ्याकडे! मला वाटलं, ही बाई परत काही येत नाही.

आशालता : अंहं.

हेमांगी : पण आलात. पुढच्या आठवड्यात वही घेऊन आलात. डावीकडे आलेले, उजवीकडे गेलेले. मी उजवीकडे क्रीम लिहिलं, वॅक्स लिहिलं, रिक्षा लिहिली, आणि खाली बोंबील लिहिले.

शकू : बोंबील?

हेमांगी : हो ना आई. त्या दिवशी एका नवरीचा मेकअप करून येताना घेतले होते. मला वाटलं, धंद्याच्या फेरीत घेतले म्हणजे धंद्याचेच. काकू हसून हसून खुर्चीतून पडायच्या राहिल्या. म्हणाल्या, हेमांगी, बोंबील कुणाच्या चेहऱ्याला लावलेस?

शकू : आगं बाय माझे!

हेमांगी : काकू, हसायचं नाही! बघा, गालावर रेघ आलीच. थांबा, बोटाने सारखं करते... मग रिटर्नचं काढलंत. मी तर रडायलाच लागले होते. म्हटलं, कमाई सांगितली की सरकार घरी येणार, खुर्ची उचलून नेणार. आमच्या शेजारच्या बाईनेही घाबरवलेलं, कशाला दाखवतेस, रोख घे नि गप्प बस. तुम्ही सगळे आकडे मांडलेत आणि म्हणालात, आता बघ, तुला एक रुपयाही कर बसत नाही. फक्त खरं सांगायचं, एवढंच काम. आणि वर ती म्हण...

आशालता : हं हं.

हेमांगी : तीच. कर नाही त्याला डर कशाला! म्हणालात, तुझ्या बाबतीत दोन्ही अर्थांनी खरी. कर पण नाही नि डर पण नको.

शकू : मंग बसत नाय तर सांगायचं कशाला सरकारला?

हेमांगी : मी पण हेच विचारलं होतं, आई. काकू म्हणाल्या, सरकारसाठी नाही, तुझ्यासाठी. तुझ्या कष्टाची नोंद कुठेतरी राहायला नको का? आतापर्यंत रेशनकार्डापासून आमच्या लेकीच्या, खुशीच्या शाळेच्या फॉर्मपर्यंत सगळीकडे मी गृहिणी. गृहिणी असण्याचं मला वाईट नाही वाटत. पण माझ्या हातांनी जे केलं, ते पहिल्यांदा कागदावर आलं ते त्या रिटर्नमध्ये. धंदा, ब्युटी पार्लर. नाव, हेमांगी राऊत. मी तो कागद दोनदा छापून घेतला होता, काकू. एक फाइलीत आहे. दुसरा कुठे आहे ते तुम्हाला नाही सांगणार.

शकू : देवाच्या फोटोमागं हाय. मी धूळ झाडते ना.

हेमांगी : आई!

शकू : गप ऱ्हायली मी. तुझा कागद, तू ठेवलास.

हेमांगी : ...तर मी काय म्हणत होते. काकू, मी तुमच्याकडून फेशियलचे पैसे घेणार नव्हते. तुम्ही म्हणालात, मग माझ्या नावापुढे काय लिहिशील? खोटा हिशोब शिकवायला नाही आले मी. दर वेळी पैसे मोजून दिलेत आणि शिकवायचे घेतले नाहीत. तुम्ही घेत नाही म्हणून हे तोंडी घ्या. माझ्या आईने मला चालायला शिकवलं आणि तुम्ही ताठ चालायला शिकवलंत. झालं. आता नका बोलू काही.

शकू : बाईंच्या डोळ्याला पानी आलं बघ.

हेमांगी : अहो काकू, रडू नका! पॅक ओला होईल. थांबा, कापूस लावते... आणि आई, तुम्ही पण ऐका. तुमचं पण देणं आहे माझ्यावर.

शकू : माझं? मी काय केलं? मी तर फोनवर वाट लावली.

हेमांगी : ही पडवी कुणी दिली? बाबा नको म्हणत होते, घरात लोकांची ये-जा नको म्हणून. तुम्ही रातोरात भाताची पोती आत घेतलीत आणि सकाळी म्हणालात, जागा झालीय, बस. हिशोबाच्या पहिल्या पानावर काकूंनी विचारलं, भाडं किती देतेस? म्हटलं, काही नाही. तेव्हा त्यांनी लिहायला लावलं : जागा, सासूबाई शकुंतला बळीराम राऊत यांची. भाडं घेत नाहीत.

शकू : माझं नाव? धंद्याच्या हिशोबात?

हेमांगी : पहिल्याच पानावर. माझ्या नावाच्या खालोखाल.

शकू : आख्खं?

हेमांगी : आख्खं. शकुंतला.

शकू : शकुंतला मला लग्नाच्या पत्रिकेनंतर कोनी लिवलंच नाय... म्हंजे मी पन हाय व्हय यात?

आशालता : हं!

हेमांगी : बघा, काकू पण हो म्हणतायत. तुम्ही नसता तर हे सगळं सुरूच झालं नसतं, आई.

शकू : पुरे. माझे वाल ऱ्हायले... गाडी वाजतेय बघ गेटवर.

हेमांगी : फेलिशिया असेल, नवरीच्या मेकअपचं गिऱ्हाईक. लग्नाचा गाऊन दाखवायला आणणार होती, केस कसे बांधायचे ते बघायला. गाडी आत येत नाही तिची. मी जाते दोन मिनिटं. आई, फोन चार्जिंगला लावलाय. वाजला तर मला हाक मारा. बँकवाले एकदाच करतात म्हणे, नाही लागला तर "संपर्क झाला नाही" असं लिहून मोकळे होतात.

शकू : मारते हाक. उचलत नाय मी.

हेमांगी : काकू, तोंड बंद!

आशालता : हं.

शकू : गेली... बाई, एक इचारू? बोलू नका, मुंडी हलवा. त्या टायमाला मी काय नाय करत बोलली, ते हिला लई लागलं काय?

आशालता : ...हं.

शकू : तोंडानं कधी बोलली नाय ती. मी पन मुद्दाम नाय केलं हो. आमी शेतावर एवढं राबलो, कोनी इचारलं तर काय नाय बोलायचं, अशीच सवय. आमच्या सासूनं पन तेच सांगितलं, चांगलं असंल तर झाकून ठेव... आगं बाय! वाजला! हेमांगी! गो हेमांगी! ...गाडीत डोकं घालून बसलीय, ऐकतच नाय. हेमांगी! ...आता बंद होईल. बाई, उचलू?

आशालता : हं! अंहं... हं!

शकू : हां की नाय? एक काय ते सांगा!

आशालता : हं! हं!

शकू : उचलते. ...हॅलो? ...हां, हेमांगी राऊतचाच हाय. मी सासू तिची, शकुंतला. ...तुमी तेच काय, मागल्या येळचे? ...नाय, दुसरे. बरं.

आशालता : हं...

शकू : गप ऱ्हावा ओ बाई, भेगा पडतील. ...नाय नाय, तुमाला नाय. हितं गिऱ्हाईक बसलंय. ...काय? सून काय करते?

आशालता : हं! हं!

शकू : पार्लर चालवते ती. ...पाच वरसं झाली. ...नाय, घरीच असते तसं नाय. घरात असते, पन काम करते. सकाळधरनं चौथं गिऱ्हाईक हाय. ...हां, रिटन भरते. दोन वरसं भरलं, स्वताच्या नावानं. टॅक्स बसत नाय, पन सांगते सगळं. ...जागा? जागा माझी. भाडं घेत नाय मी, लिवलंय तसं पयल्या पानावर, बघा तुमी. ...तिला देऊ? आता नाय देता येत. ती कामावर हाय. ...हां? ...सोमवारी? सहीला? ...धाडते. बरोबर धाडते. ...मी पन येऊ? नको कशाला, येते की. ठेवा.

आशालता : हं हं हं...

शकू : आता हसताय काय, रडताय काय, काय कळत नाय त्या चिखलात. पुसू काय जरा?

हेमांगी : आले, आले! गाऊन इतका सुंदर आहे ना... अहो काकू, हे काय! गालावर, कपाळावर, नुसत्या भेगाच भेगा! एवढं बजावून गेले, तरी बोललात ना शेवटी?

आशालता : अंहं.

शकू : त्या नाय बोलल्या. मी बोलली.