कसारा घाटातलं भारनियमन

सावळीराम : वाच. मोठ्यानं वाच.

पुंजाराम : चष्मा घरी राहिलाय, ड्रायव्हरसाहेब.

सावळीराम : खिशात हाय. डाव्या.

पुंजाराम : हा जवळचा आहे.

सावळीराम : मग जवळून वाच. डबा तुझ्या नाकापाशीच धरलाय.

पुंजाराम : चार... चारशे.

सावळीराम : चारशे काय? आंबे?

पुंजाराम : वॅट.

सावळीराम : आन् ग्राफिक्स कार्डाच्या खोक्यावर काय लिव्हलंय? पॉवर सप्लाय कमीत कमी केवढा पायजे?

पुंजाराम : अरे, कंपन्या वाढवूनच लिहितात. आमच्या वीज बोर्डातसुद्धा लोड काढताना...

सावळीराम : बोर्डाचं नाव काढू नको. केवढा पायजे?

पुंजाराम : साडेसहाशे.

उज्वला : काका, चहा घ्या. बाबा म्हणाले होते, आज साखर घालू नकोस. मी घातलीय.

पुंजाराम : सूनबाई, हे काय मांडलंय गं? कॉम्प्युटरचं पोट फाडून टेबलावर?

उज्वला : सकाळी मीच स्कूटरवर दुकानात नेला होता. दुकानदारानं उघडला आणि म्हणाला, कार्ड एवढं दांडगं आणि वीज पुरवणारा डबा जुनाच? बसच्या गेममध्ये झाडं, धुकं, वळणं असं भरगच्च चित्र आलं की कार्ड जास्त वीज मागणार, हा डबा देऊ शकणार नाही, सगळंच बंद. मी म्हटलं, जुना कसा असेल? नवीन आणलाय, आमच्या काकांनी बसवलाय. आयुष्यभर लाईनमन होते ते.

पुंजाराम : मग काय म्हणाला?

उज्वला : काही नाही. माझ्याकडे बघून हसला. स्कूटर चालू होईपर्यंत हसत होता.

सावळीराम : रोज तेच. नाशिकहून निघालो की इगतपुरीपत्तुर गाडी लोण्यासारखी. घाट उतरायला लागलो, धुकं आलं, की फट्. काळोख. आन् आत बस भरून माणसं.

पुंजाराम : चित्रातली.

सावळीराम : तिकिटं काढलेली माणसं हायेत ती!

उज्वला : काका, यावर वाद नका घालू. गेमला बसताना खाकी शर्ट घालतात ते. इस्त्रीचा.

सावळीराम : मग मी फोन करायचो. तू यायचास, खुर्ची ओढायचास, मागचं झाकण काढायचास, फुंकर मारायचास. आन् काय म्हणायचास?

पुंजाराम : लोड आला असेल म्हणायचो.

सावळीराम : त्याच्या आधी?

पुंजाराम : आठवत नाही.

सावळीराम : "सावळीराम, गिअर चुकतोय. हात जड झालाय तुझा." मला रातभर आठवायचं, तुला नाय आठवत? अख्ख्या नोकरीत मी घाटात गाडी बंद पाडली नाय, पुंजा. आन् टेबलाला लावलेल्या प्लास्टिकच्या स्टेअरिंगनं रोज पाडायला लागलो. मग संशय कुणावर घ्यायचा? तुझ्यावर? तू माझ्या पोराच्या लग्नात मांडवाची लाईट वढलेला माणूस.

उज्वला : बाबा गेल्या आठवड्यात डॉक्टरकडे जाऊन आले, काका. हात दाखवायला. आम्हाला न सांगता.

पुंजाराम : डॉक्टरकडे? मला बोलला नाहीस.

सावळीराम : तुला काय बोलायचं? त्यानं बोटं उघडमीट करायला लावली. डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. म्हणला, आजोबा, या हातांनी विमान चालवा. मी म्हटलं, विमान नको, मला कसारा घाट उतरंना. तर त्यानं डोळे तपासायला दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी दिली.

उज्वला : डोळेही चांगले निघाले. तेव्हा मी म्हटलं, आता माणूस पुरे, मशीन दाखवू.

सावळीराम : छातीवर हात ठेवून म्हणला होतास, नवा सप्लाय बसवला. कुठं हाय तो?

पुंजाराम : घरी.

सावळीराम : घरी कुठं?

पुंजाराम : आमच्या भागीबाईच्या कपाटात. तिच्या शालीत गुंडाळून ठेवलाय. सील तसंच आहे.

उज्वला : म्हणजे विकला नाहीत?

पुंजाराम : विकेन? मी काय चोर आहे का, सूनबाई?

सावळीराम : चोर असतास तर बरं झालं असतं. चोराला पोलिसात देता येतं. हितं काय सांगू? मित्रानं माझ्यावर भारनियमन लावलं? नोकरीत गावंच्या गावं अंधारात बसवलीस, त्यानं पोट भरलं नाय?

पुंजाराम : ते वेळापत्रकानुसार असायचं.

सावळीराम : हे बी वेळापत्रकानुसारच! रोज दिवेलागणीला!

उज्वला : काका, चहा निवला. पण खरंच, का केलंत?

पुंजाराम : हे स्टेअरिंग घरात आल्यापासून हा गार्डनच्या बाकावर आला का, विचार त्याला. एकदा फोन केला तर म्हणतो, "आत्ता इगतपुरी फाट्यावर हाय, मागून कर." घरात बसून!

उज्वला : मलाही म्हणतात. भाजी आणायला सांगितलं की.

पुंजाराम : कार्ड बसवलं त्या दिवशी सप्लाय पण बसवणारच होतो. म्हटलं, आधी जुन्यावर चालतंय का बघू, नवा उद्या. याला सांगितलं बसवला, नाहीतर उठू दिलं नसतं. घरी पोचतोय तर याचा फोन. "पुंजा, पटकन ये." तुझी भागीकाकू गेल्यापासून, सूनबाई, मला कुणी पटकन ये म्हटलं नव्हतं. आमचा कुंदन फोन करतो, पण तो म्हणतो, पप्पा, सावकाश जेवा. दुसऱ्या दिवशी नवा डबा पिशवीत घालून निघालो होतो. दारातच पुन्हा फोन आला. "पटकन ये." पिशवी ठेवली आणि आलो.

सावळीराम : आन् माझे हात?

पुंजाराम : काय?

सावळीराम : यायचं तर यायचं. माझे हात जड झाले, हे कशापायी म्हणलास?

पुंजाराम : काहीतरी कारण सांगावं लागतं ना. बोर्डात असताना आम्ही सांगायचो, तारेवर फांदी पडली.

सावळीराम : म्हंजे माझे हात तुझी फांदी.

पुंजाराम : चुकलं.

सावळीराम : चुकलं नाय. चुकलं एकदा असतं. तू रोज चहा पिऊन गेलास. जा, डबा आण.

(पुंजाराम जाऊन पिशवी घेऊन येतो. नवा सप्लाय बसवतो. कॉम्प्युटर सुरू होतो, आणि बऱ्याच वेळानं स्क्रीनवर इगतपुरी मागं पडते.)

उज्वला : बाबा, धुकं आलं.

सावळीराम : गप बस. वळण हाय.

उज्वला : समोरून टँकर...

सावळीराम : दिसतोय. डोळे चांगले हायेत माझे. ... उतरलो. कसारा.

पुंजाराम : एकदाही ब्रेक दाबून धरला नाहीस. हात हलका आहे तुझा.

सावळीराम : ठाऊक हाय. डॉक्टरनं सांगितलं.

पुंजाराम : निघतो मग. उद्यापासून बंद नाही पडणार. हा जुना डबा नेतो, भंगारात टाकतो.

सावळीराम : ठेव तो हितंच.

पुंजाराम : काय करणार त्याचं? नवा दणकट आहे. वर्षानुवर्षं त्याला काही होत नाही.

सावळीराम : तू बसवलायस ना? पडंल बंद. मग फोन करीन, पटकन ये.