म्हशीचं टॉनिक

सांगून कोणाला पटणार नाही, पण गुरांच्या दवाखान्यात रांगेत पुढे उभ्या नवरा-बायकोचं बोलणं मी या कानांनी ऐकलं.

"व्यायल्यापासून म्हस उठत न्हाय. डॉक्टरला काय सांगू?"

"सांग, कॅल्शियमचं टॉनिक रोज पाजलं."

"बाटली तर रिकामी हाय. मंग ताकद गेली कुठं?"

"माझ्या गुडघ्यात."

"म्हंजे?"

"रोज चार घोट मीच पियालो. चालताना लय दुखायचं गं."

"तिच्या तोंडचं? ती बघत असंल ना तुमच्याकडं?"

"म्हनून तर तिच्याकडं पाठ करून पीत व्हतो."

एवढं ऐकून पूर्णा गावातल्या आमच्या ओट्यावर बसलेली मंडळी हसली. तांदूळ निवडणारी माझी बायको बायजा तेवढी हसली नाही.

"त्या दिवशी रांगेत आपन दोघंच व्हतो," ती म्हणाली.