अडीच किलोची नात

चहा घ्या, हसा, पण पुरतं ऐका. आमच्या बिडकीनकडं घरोघरी बाळं तपासणाऱ्या आशाताईचा वजनकाटा बंद पडलेला. वजन भरल्याबिगर मोबाईलातला फॉर्म पुढं सरकत नाय, म्हणून ती प्रत्येक बाळाला अडीच किलो टाकायची. मी तिला लई चिडवायचो, "ताई, समदी लेकरं एकाच साच्यातली व्हय?"

मग मला नात झाली, घरीच, ओंजळीत मावंल एवढी. ताई म्हणाली, "बाबा, दवाखान्यातून काटा आणते."

मीच हसत म्हणलो, "आमचीच काय येगळी? टाक अडीच!"

अडीच किलो म्हंजी मोबाईलात नात ठणठणीत, म्हणून तपासायला दवाखान्यातून कुणी आलंच नाय. पाचव्या दिवशी गेली. चौकशीला आलेल्या साहेबानं विचारलं, "अडीच किलोचं बाळ दगावलं कसं?"

समदे माझ्याकडं बघाया लागले. गावात कुणालाबी फटकन उत्तर द्यायचं काम माझंच ना.