रंगाऱ्याच्या हातचं पुदिन्याचं पाणी

लेक : आई गेल्याचा दवाखान्यातून फोन आला, त्या दिवशीही तुम्ही पुदिनाच उकळत होतात, बाबा. पातेलं करपलं होतं.

बाबा : तिनंच बजावलं होतं, पोट धरून कुणी दाराशी आलं तर परत पाठवू नका. एकालाही पाठवलं नाही अजून.

लेक : पण हे काय? काळंकुट्ट!

बाबा : चांगलं तासभर उकळलंय. उतरायला नको?

लेक : अहो, जन्मभर रंगाची भट्टी लावलीत, म्हणून पुदिन्यालाही तीच?

बाबा : कच्चं राहिलं तर पहिल्याच धुण्यात जातं. म्हणजे... लागू पडत नाही.

बेकरीवाली : येऊ का, दादा?

बाबा : या, या. काय होतंय?

बेकरीवाली : पोट जरा फुगलंय. आणि आज नंबरही माझाच आहे.

बाबा : कसला नंबर?

बेकरीवाली : अगं बाई! गेलं तोंडातून.

लेक : आता सांगूनच टाका, मावशी.

बेकरीवाली : गल्लीत ठरलंय आमचं. रोज एकानं यायचं. काल शिंपीण, परवा चष्मेवाला. तुम्ही एकटेच बसता, दादा. पण तुमचं ते पाणी एकाच माणसाला रोज कसं झेपणार?

बाबा : म्हणजे कुणाचं पोट दुखतच नव्हतं?

बेकरीवाली : येताना नसायचं. जाताना दुखायचं.

बाबा : हसा, हसा! उद्यापासून दार बंद.

बेकरीवाली : दार कशाला? गॅस बंद करा. वहिनी पाणी उकळलं की गॅस बंद करायच्या, मग पानं टाकायच्या.

लेक : हातानं चुरडून. आणि लगेच झाकण. वास उडाला की गुण गेला, म्हणायची आई.

बाबा : विझल्या गॅसवर? मला कधी बोलली नाही.

लेक : तुम्ही त्या वेळी भट्टीवर असायचात.

बाबा : बरं. ते ओत मोरीत. आण दुसरं पातेलं.

(पाणी उकळतं. गॅस बंद होतो. झाकण पडतं.)

बाबा : उघडू?

लेक : थांबा हो!

बाबा : आता?

लेक : आता उघडा.

बेकरीवाली : हां! हा वास. द्या इकडे. सकाळपासून गरम पाव चाखून चाखून पोटाचा नगारा झालाय.

बाबा : म्हणजे तुमचं खरंच फुगलंय?

बेकरीवाली : खोटं कशाला बोलू? थांबा... आली बघा ढेकर!

बाबा : वा! उद्या येईल त्यालाही हेच देतो.

बेकरीवाली : उद्या पोस्टमन. त्यांना नका देऊ. छातीत जळजळतं त्यांच्या, पुदिन्यानं आणखी वाढतं. वहिनी आधी सगळं विचारून घ्यायच्या, मगच पाणी ठेवायच्या.

बाबा : मग त्याला काय द्यायची ती?

बेकरीवाली : दुसरंच काहीतरी. पिऊन खूश होऊन जायचे.

बाबा : तुला ठाऊक आहे गं?

लेक : नाही, बाबा.

बाबा : असू दे. येऊ दे त्याला, गप्पा मारत बसू. तेवढं एक तिला विचारायचं राहिलं.