सुभेदारांचा आवाज आणि माझी रेस

अगं बायांनो, मी स्कूटर कशी शिकले ते ऐका तरी. आमचे हे फौजेतले निवृत्त सुभेदार. साताऱ्यात कॉलनीच्या मैदानावर मला शिकवायचे तेही परेडच्या आवाजात. "ब्रेक!" म्हणून ओरडले की मी दचकून रेस पिळायचे आणि गाडी थेट कुंपणात. पुढं तर ते नुसते खाकरले तरी हात पिळला जायचा. शेवटी म्हणाले, "तुला न्हाई जमायचं."

मला लय लागलं ते. शेजारच्या सुनंदा मास्तरीणबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काकू, तुमच्या हाताला ओरड्याची सवय लागलीय. ती मोडू." त्या मागं बसायच्या. चुकले तर गप्प राहायच्या, नीट थांबले की हळूच "छान" म्हणायच्या. महिनाभरात मी बाजारात जाऊन यायला लागले, ह्यांना न सांगता.

एका सकाळी ह्यांना एसटीनं म्हसवडला लग्नाला जायचं होतं आणि स्टँडपर्यंत रिक्षा मिळेना. मी गाडी काढली. "आवं, बसा मागं." एसटी चुकेल म्हणून हे कुरकुरत बसले.

वाटेत टेम्पो आडवा आला. हे कानातच ओरडले, "ब्रेक!" पण रेसवरचा माझा हात हलला नाही, ब्रेक मी आधीच दाबला होता. टेम्पो गेला, आम्ही निघालो.

स्टँडवर उतरून हे जरा घुटमळले. मग म्हणाले, "संध्याकाळी न्यायला येशील का गं?"